रुग्णसेवेतून संशोधन, संशोधनातून रुग्णसेवा

रुग्णालयाचा वार्षिक अहवाल हाती आला की वाचकाची दृष्टी प्रथम रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्चाच्या पत्रकाकडे वळते. हे स्वाभाविकच आहे. 'संशोधन व अध्यापन' या शीर्षकाखालील मजकूर मात्र बहुधा न वाचताच उलटला जातो. त्यातूनच दोन प्रश्न पुनःपुन्हा कानी येतात. देणगीदार विचारतात, "आम्ही देणगी रुग्णांच्या उपचारासाठी दिली, संशोधन हे काम विद्यापीठांचे आणि औषध कंपन्यांचे नव्हे काय?" आणि रुग्णाचे नातेवाईक, संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, दबक्या आवाजात विचारतात, "डॉक्टरसाहेब, आमच्या माणसावर प्रयोग तर होणार नाही ना?"

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना सरळ उत्तर मिळणे हा विचारणाऱ्यांचा हक्क आहे. ते उत्तर साध्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संशोधन म्हणजे नेमके काय?

संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि परीक्षानळ्या डोळ्यांसमोर येतात. अध्यापन रुग्णालयातील संशोधन पुष्कळदा याहून साधे असते. आपण जो उपचार करतो, त्याचा रुग्णाला खरोखर लाभ होतो काय, हे प्रामाणिकपणे तपासून पाहणे, एवढाच त्याचा गाभा. ऐकायला ही गोष्ट सोपी वाटते. प्रत्यक्षात ती अवघड आहे. कारण अनेक रुग्ण निसर्गतःच बरे होतात आणि त्याचे श्रेय शेवटी दिलेल्या औषधाला मिळते. काही रुग्ण उत्तम उपचार होऊनही दगावतात आणि चांगल्या औषधावर विनाकारण ठपका येतो. एकेका रुग्णाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढला, तर निष्णात डॉक्टरचीही फसगत होऊ शकते.

यावर वैद्यकशास्त्राने शोधलेला उपाय म्हणजे तुलना. सारखा आजार असलेल्या रुग्णांचे, त्यांच्या संमतीने, चिठ्ठी टाकावी तसे दोन गट करावयाचे. एका गटास प्रचलित उपचार द्यावयाचे आणि दुसऱ्यास त्यासोबत नवा उपचार. कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडावयाचे नाही. अन्यथा धडधाकट रुग्ण नकळत एकाच गटात जमा होतात. नंतर दोन्ही गटांचे काय झाले, याची नोंद ठेवावयाची. या पद्धतीस यादृच्छिक नियंत्रित चाचणी असे म्हणतात.

अशा चाचणीचे मोल किती, हे ठाणे जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांना कोविडच्या काळातील एका अनुभवावरून समजू शकेल. एप्रिल २०२१ मधील ते दिवस आठवावेत. बरे झालेल्या रुग्णाच्या रक्तातील द्रव, म्हणजे प्लाझ्मा, मिळविण्यासाठी नातेवाईक एका रक्तपेढीतून दुसऱ्या रक्तपेढीत धावत होते, अनोळखी माणसांना दूरध्वनी करून विनवीत होते, पदरचे पैसे वेचत होते. त्यामागील कल्पना तर्काला पटणारी होती. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतात. ती आजारी माणसास द्यावीत. परंतु तर्काला पटणे वेगळे आणि रुग्णाला गुण येणे वेगळे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० च्या एप्रिल ते जुलै या महिन्यांत देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ही तुलना करून पाहिली. आजार गंभीर होण्याचे अथवा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्या गटात १९ टक्के आणि न मिळालेल्या गटात १८ टक्के आढळले. याचा अर्थ असा की, प्लाझ्माने लाभ होत असल्याचे दिसून आले नाही. हे निष्कर्ष त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. पुढे परदेशातील मोठ्या चाचण्यांनीही तेच दाखविले आणि मे २०२१ मध्ये राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा वगळण्यात आला.

त्याच सुमारास ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन हे जुने, अगदी अल्प किमतीचे औषध कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी करते, असे सिद्ध झाले. दुर्मीळ आणि महाग वस्तू निरुपयोगी ठरली, तर स्वस्त औषधाने प्राण वाचले. हा निवाडा कोणत्याही एका तज्ज्ञाच्या अनुभवाने होऊ शकला नसता. जे हजारो रुग्ण आणि त्यांचे आप्त या चाचण्यांत सहभागी होण्यास राजी झाले, त्यांच्यामुळे तो झाला.

प्रश्न रुग्णशय्येपाशी जन्मतो

संशोधनासाठी भव्य इमारत लागतेच असे नाही, याचे उत्तम उदाहरण आपल्या कोकणातच आहे. १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावसकर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. लाल विंचवाच्या दंशाने मुले आणि शेतमजूर दगावत होते आणि त्यावर खात्रीचा इलाज कोणापाशी नव्हता. विंचू उतरविणाऱ्या मांत्रिकाकडे जाण्याचीच रीत होती. डॉ. बावसकर रुग्णाशेजारी बसून राहिले. घाम, वांत्या, हातापायांचा गारठा, नाडी, रक्तदाब यांच्या तासातासाच्या नोंदी त्यांनी केल्या. विंचवाच्या विषाने शरीरात जे वादळ उठते, त्याचा भार हृदयावर पडतो, फुफ्फुसांत पाणी साचते आणि रुग्ण त्याने दगावतो, हे त्या नोंदींतून स्पष्ट झाले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

आजाराची वाट कळली, तेव्हा ती अडविण्याचा मार्गही सुचला. आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिले. पूर्वी गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. या उपचारानंतर ते अगदी थोड्या टक्क्यांवर आले. एवढ्या यशानंतर एखादा थांबला असता. परंतु पुढे विंचवाची प्रतिविष लस उपलब्ध झाली आणि नवा प्रश्न उभा राहिला: प्राझोसिन पुरेसे आहे, की सोबत लसही द्यावी? डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी ७० रुग्णांवर रीतसर तुलना केली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ होते. लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ होते. आपलाच गाजलेला उपचार पुन्हा कसोटीस लावण्याची ही वृत्ती म्हणजे संशोधनाचा प्राण होय.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी निगडित असलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीविषयी केलेले कार्यही स्मरणीय आहे. या मुळीचा उपयोग आपल्याकडे परंपरेने होत आला होता आणि १९३१ मध्ये कोलकात्याच्या संशोधकांनी तिच्याविषयी लिहिलेही होते. तथापि उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांतील पद्धतशीर निरीक्षणे १९४९ साली डॉ. वकील यांनी ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात मांडली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार लाभला. पुढे याच औषधाने काही रुग्णांना खिन्नता येते, हेही नोंदींवरूनच ध्यानात आले आणि अधिक सुरक्षित औषधे येताच त्याचा वापर मागे पडला. परंपरेचा आदर आणि परंपरेची परीक्षा या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हा त्यातील धडा.

एका धर्मादाय रुग्णालयाचा वस्तुपाठ

डॉक्टरांची चिकाटी व्यक्तिगत असते. संस्थेचे पाठबळ मिळाले तर तिचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कार्य होते. १९१२ साली स्थापन झालेले पुण्याचे के. ई. एम. रुग्णालय हे विश्वस्त संस्थेचे रुग्णालय. डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने तेथील डॉक्टर शहराची वेस ओलांडून वढू परिसरातील खेड्यांपर्यंत पोहोचले. १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यानजीकच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. प्रश्न साधा होता: शेतात राबणारी, दिसायला सडपातळ असणारी आपली माणसे मधुमेहाला इतक्या लवकर का बळी पडतात?

उत्तराचा एक धागा नवजात बाळांपाशी सापडला. या गावांतील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते. परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. 'कृश तरी मेदयुक्त' अशी ही शरीरघडण जन्मापासूनच दिसत होती. ज्या माता गरोदरपणी पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे आकाराने मोठी असल्याचेही दिसले. मातेच्या शरीरातील बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुलांची पुढील प्रकृती यांचा संबंध तपासता तपासता २०१२ मध्ये, याच अभ्यासात जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर, त्यांना बी-१२ देऊन त्यांच्या पुढील पिढीवर काय परिणाम होतो हे पाहणारी चाचणी हाती घेण्यात आली.

या कामाला किती वर्षे लागली, हे ध्यानी घ्यावे. मातेपासून लेकीपर्यंत आणि लेकीपासून नातवंडापर्यंत जो माग काढावयाचा, त्याचे फळ एका आर्थिक वर्षाच्या ताळेबंदात दिसत नाही. विश्वस्तांचा संयम ही अशा संशोधनाची पहिली गरज असते.

वागळे इस्टेटचे स्वतःचे प्रश्न

आपल्या परिसराकडे याच दृष्टीने पाहावे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्याचा शुभारंभ वागळे इस्टेटमध्ये झाला. पुढील काही दशके येथील रस्त्यांवर पाळीच्या भोंग्यांचे राज्य होते. कालांतराने अनेक कारखाने बंद पडले वा स्थलांतरित झाले आणि त्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली. त्यामुळे किसननगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर अशा दाट वस्त्यांत एकाच घरात दोन काळांचे आजार आढळू शकतात. यंत्रशाळेत उमेद घालविलेल्या निवृत्त कामगाराला धाप लागते आणि संगणकासमोर रात्रपाळी करणाऱ्या त्याच्या मुलाची साखर वाढलेली असते.

वडिलांची धाप धुळीमुळे आहे, जुन्या क्षयरोगाच्या व्रणांमुळे आहे, की तंबाखूमुळे? रात्रपाळीच्या तरुणास मधुमेहाचा आहार समजावून सांगावयाचा, तर जेवणाच्या कोणत्या वेळा धरावयाच्या? क्षयाचे साधे औषधही किमान सहा महिने घ्यावे लागते. मग मे महिन्यात वा गणपतीत कुटुंब गावी गेले, तर गोळ्यांत खंड पडू नये म्हणून काय करावे? या प्रश्नांची तयार उत्तरे परदेशी ग्रंथांत मिळणार नाहीत. ती येथील रुग्णांच्या नीट ठेवलेल्या नोंदींतूनच मिळावयाची. कळवा येथे ठाणे महानगरपालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय १९९२ पासून कार्यरत आहे. कामगार विमा योजनेचे रुग्णालय वागळे इस्टेटमध्येच आहे. सार्वजनिक आणि धर्मादाय संस्थांनी नोंदींची एकसारखी पद्धत ठेवली, तर या परिसराच्या आरोग्याचे चित्र पुष्कळ स्पष्ट होईल.

शिकविण्याचेही संशोधन

अध्यापन रुग्णालयात दुसरे एक संशोधन चालते, ज्याविषयी बाहेर फारसे कोणी बोलत नाही. ते म्हणजे वैद्यकीय शिक्षणाचे संशोधन. विद्यार्थ्याला व्याख्यान दिले म्हणजे तो शिकला, असे आपण गृहीत धरतो. परंतु बंद पडलेले हृदय छातीवर दाब देऊन सुरू करण्याचे तंत्र एकदा शिकविले तरी काही महिन्यांतच हात विसरू लागतात, हे अभ्यासांनी दाखविले आहे. मग उजळणी किती दिवसांनी घ्यावी? परिचारिका पाळी बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या पाळीला देते, त्यात कोणती गोष्ट सुटण्याचा धोका अधिक? हे शैक्षणिक प्रश्न असले तरी त्यांच्या उत्तरावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

परीक्षेच्या पद्धतीचेच पाहा. पूर्वी विद्यार्थ्याची गुणवत्ता बव्हंशी त्याला कोणता रुग्ण आणि कोणता परीक्षक मिळाला यावर ठरे. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील डॉ. रोनाल्ड हार्डेन यांनी एक नवी पद्धत मांडली. सर्व विद्यार्थ्यांनी ठरावीक वेळात एकामागून एक टेबलांपाशी जावयाचे. एके ठिकाणी रक्तदाब मोजावयाचा, दुसरीकडे क्ष-किरण चित्र वाचावयाचे, तिसरीकडे नातेवाइकांना समजावून सांगावयाचे. प्रत्येक कृतीचे गुण आधीच ठरलेले. ही पद्धत आज आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही रुळली आहे. आपल्या देशात २०१९ पासून एम. बी. बी. एस.साठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला आणि वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण त्याचा अनिवार्य भाग बनले. अप्रिय वार्ता कशी सांगावी, हेही आता डॉक्टरला शिकावे लागते. ज्यांनी अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळत रात्र काढली आहे, त्यांना या शिक्षणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

शिकविण्याने आणि शिस्तीने मृत्यू टळू शकतात, याचाही पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी, दरम्यान आणि नंतर मोठ्याने वाचावयाची १९ मुद्द्यांची एक तपासणी-सूची तयार केली. रुग्ण हाच ना? शस्त्रक्रिया याच बाजूची ना? प्रतिजैविक वेळेवर दिले ना? नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांत तिचा वापर करून पाहण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्यासाठी लागला तो एक कागद, आणि सर्वांनी मिनिटभर थांबण्याची सवय.

संमती आणि नकार

आता नातेवाइकांच्या प्रश्नाकडे वळू. 'प्रयोग' या शब्दाची भीती निराधार नाही. वैद्यकाच्या इतिहासात रुग्णांना अंधारात ठेवून केलेल्या प्रयोगांची काळी पाने आहेत. म्हणूनच १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा अस्तित्वात आला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००० साली नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २००६ व २०१७ मध्ये ती सुधारली. चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध चाचण्यांची नोंद तीत करणे बंधनकारक झाले. २०१९ च्या नव्या नियमांनुसार औषध चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांपैकी निदान निम्मे त्या संस्थेबाहेरचे असावेत, तसेच समितीत कायदेतज्ज्ञ, सामान्य नागरिक आणि स्त्री सदस्य असावी, असा दंडक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची तरतूद आहे.

तरीही नियमांनी सारे प्रश्न सुटत नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली, तर त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात, असे त्यातून दिसले. गरीब देशांसाठी हे मोलाचे ज्ञान होते. परंतु तुलनेच्या गटातील स्त्रियांना आरोग्यशिक्षण मिळाले, नियमित तपासणी मिळाली नाही. यावर नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी तीव्र आक्षेप घेतले. त्या वेळी देशात अशी तपासणी सरसकट उपलब्धच नव्हती, हे संशोधकांचे उत्तर होते. उपलब्ध नसलेली गोष्ट तुलनेच्या गटाला नाकारली असे म्हणावे काय, हा वाद विचारी माणसाने दोन्ही बाजूंनी ऐकावा असा आहे.

धर्मादाय रुग्णालयाची जबाबदारी येथे अधिकच वाढते. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. ज्याच्यावर मोफत उपचार होत आहेत, त्याला 'नाही' म्हणणे जड जाते. उपकाराचे ओझे त्याच्या मनावर असते. डॉक्टर रागावतील, खाट जाईल, ही धास्ती असते. म्हणून ही गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत नमूद करणे अगत्याचे आहे: मोफत उपचार हा त्या रुग्णाचा हक्क आहे आणि संशोधनात सहभागी होणे ही त्याची इच्छा. नकार दिल्याने उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये. होकार दिल्यावरही कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, माघार घेता येते.

सहीपूर्वी कुटुंबीयांनी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. हा अभ्यास कशासाठी आहे? यात सहभागी न झाल्यास कोणता उपचार मिळेल? कोणत्या तपासण्या जास्तीच्या आहेत आणि त्यांचा खर्च कोण करणार? धोका कोणता? नैतिकता समितीची मंजुरी आहे काय? अडचण आल्यास कोणाशी बोलावे? संमतिपत्र मराठीत, अथवा रुग्णाला कळेल त्या भाषेत मागावे, ते घरी नेऊन वडीलधाऱ्यांना दाखवावे आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. जो डॉक्टर या प्रश्नांना शांतपणे उत्तरे देतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

देणगीचा विनियोग

राहिला देणगीदारांचा प्रश्न. मोठ्या औषध चाचण्यांचा खर्च पुरस्कृत करणाऱ्या कंपन्या वा शासकीय संस्था करतात. परंतु ज्या प्रश्नांत कोणाचा नफा नाही, त्यांच्यासाठी पैसा उभा करणे कठीण असते. विंचवाचा दंश, गरोदर स्त्रीच्या ताटातील पालेभाजी, सुटलेल्या क्षयाच्या गोळ्या यांत गुंतवणूक कोण करणार? येथेच धर्मादाय निधीचे खरे स्थान आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला पदवीसाठी प्रबंध लिहावाच लागतो. तो कपाटात धूळ खात पडावा, की त्यातून विभागाची एखादी कार्यपद्धती सुधारावी, हे पुष्कळदा अल्पशा साहाय्यावर ठरते. संख्याशास्त्रज्ञाचे मानधन, रुग्णांच्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या समाजसेविकेचा प्रवासखर्च, नोंदी सुरक्षित ठेवणारा संगणक अशा लहान बाबींचे हे साहाय्य असते. त्यांच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. पण त्यांच्याविना संशोधन उभे राहत नाही.

विश्वस्तांनीही दर वर्षी एक प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी झालेल्या अभ्यासांपैकी कोणत्या अभ्यासामुळे आपल्या रुग्णालयात काय बदलले? छापून आलेल्या निबंधांची संख्या हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. एखादे निरुपयोगी औषध बंद झाले, एखादी तपासणी कमी झाली, एखाद्या जखमेतील जंतुसंसर्ग घटला, असे उत्तर मिळाले तर पैसा सत्कारणी लागला म्हणावयाचे.

उपचाराचा लाभ आज खाटेवर असलेल्या रुग्णाला होतो. संशोधनाचा लाभ उद्या त्या खाटेवर येणाऱ्या, आपल्याला अनोळखी असणाऱ्या माणसाला होतो. स्वतः वेदनेत असताना त्या अनोळखी माणसाचा विचार करून जे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय संमती देतात, ते या संस्थेचे देणगीदारच होत.